वाऱ्याची बाजू

आमच्या पठारावर पाऊस येत नाही, त्याचा वारा तेवढा येतो. जून लागला की पश्चिमेकडून जो सुटतो तो थेट गणपतीपर्यंत. दोरीवरचं लुगडं दोन शेतं ओलांडून जातं, पत्र्यांवर दगड ठेवावे लागतात, आणि वस्तीवरचा माणूस वर्षातले तीन महिने ओरडूनच बोलतो. ढालगावच्या या माळावर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या काही उगीच नाही. मी, समृद्धी कोळेकर, याच वाऱ्यात सायकल शिकले, याच वाऱ्याला शिव्या घातल्या आणि शर्यती मारून सत्तावीस ढाली घरी आणल्या. त्या ढाली खरं तर कुणाच्या होत्या, ते मला २०३८ साली साबणाच्या वडीएवढ्या एका यंत्राने सांगितलं.

यंत्राचं नाव ‘झुळूक’. सायकलच्या हँडलखाली ते बसवायचं. त्यातून डोळ्यांना न दिसणारा लेझरचा किरण पुढे जातो, हवेतल्या धुळीच्या कणांवर आपटून परत येतो, आणि समोरची हवा कुठून किती जोरात येतेय ते यंत्राला कळतं; पायांना किती जोर लागतोय तेही ते पेडलवरून टिपतं. मग पडद्यावर हवेचा वेग उमटतो आणि त्याखाली एक मोठा आकडा. त्याला आम्ही ‘अंगावर’ म्हणायचो. अंगावर शंभर म्हणजे समोरची सगळी हवा तुम्हीच अंगावर घेताय. दुसऱ्या कुणाचं मागचं चाक धरून, त्याच्या आडोशाला चालवत असाल तर आकडा साठ-बासष्टवर उतरतो. म्हणजे शंभरातली चाळीस हवा पुढच्याने तुमच्यासाठी फोडलेली असते.

चाळीस हा आकडा छोटा वाटतो, पण तो छोटा नाही. मिरजेचे मुलाणी सर, ज्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ज्यांनी मला घडवलं, ते झुळूक आली तेव्हा एकदा मुद्दाम आमच्या पठारावर आले. त्यांनी मला एकेचाळीस नंबरच्या पवनचक्कीपाशी वाऱ्याकडे तोंड करून सायकलवर नुसतं बसवलं. पाय जमिनीवर, चाकं जागच्या जागी.

“आकडा वाच.”

“हवेचा वेग तीस,” मी ओरडले.

“आणि तुझा?”

“माझा काय, मी उभीच हाय की!”

“उभीच हाईस, पण वारं नसलेल्या दिवशी तीसनं चालवलीस तर हवा एवढीच ढकलंल. तू चाललीयस का वारं चाललंय, हवेला त्यातलं काय बी कळत न्हाई बघ. दोघांतला फरक तेवढा तिला कळतो. आता ह्याच वाऱ्यात तू तीसनं निघालीस तर तिच्या हिशेबी किती?”

“साठ.”

“आणि वेग दुप्पट झाला की ढकलणं दुप्पट न्हाई, चौपट होतं. म्हणून सपाट रस्त्यावर शर्यतीच्या वेगात तुझी शंभरातली नव्वद ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. रस्ता, चेन, टायर ह्यांना उरलेलं दहा.” सरांनी पवनचक्क्यांकडे हात केला. “ह्या बघ. एकमेकींच्या पाठीला पाठ लावून का उभ्या करत न्हाईत? पुढचीनं वारं खाल्लं की मागचीला उष्टं मिळतं. चक्कीला उष्टं चालत न्हाई. सायकलवाल्याला मात्र लई गोड लागतं.”

मी हसले. मी तेव्हा बऱ्याच गोष्टींवर हसायचे.

आता वहिनीबद्दल सांगते. अश्विनीवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको, जत तालुक्यातली. माहेरी असताना तीही शर्यती मारायची. लग्न होऊन आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि आई मला एकटीला हायवेवर सोडायला तयार नव्हती. वहिनी म्हणाली, “मी जाते की बरोबर.” तेव्हापासून सहा वर्षं, रोज पहाटे दूध काढून झालं की आम्ही दोघी निघायचो. ती पुढे, मी तिच्या चाकाला. शर्यतीतही तसंच. शेवटचा एक किलोमीटर राहिला की ती बाजूला व्हायची, मी मागून उसळी मारायचे आणि पहिली यायचे. ती अकरावी, पंधरावी, कधी तेविसावी. लोक विचारायचे, तुझी वहिनी कशी चालवते? मी म्हणायचे, चांगली चालवते, पण शेवटी दम टिकत नाही बिचारीचा.

हो, ‘बिचारीचा’ म्हणायचे. तोंडाने म्हणायचे.

सायकलवाल्यांची एक रीत आहे. पुढे असलेला दमला की कोपर हलवतो. बोलायला श्वास नसतो, म्हणून नुसतं कोपर बाहेर झटकायचं. मागच्याने समजायचं की आता आपली पाळी, आणि पुढे यायचं. सहा वर्षांत वहिनीचं कोपर कधी हललं नाही. मला वाटायचं, तिला रीत माहीत नसावी. जतकडे नसेल. इतका मूर्खपणा एका माणसात कसा मावतो याचं मला आज नवल वाटतं.

झुळूक आली आणि सायकलवाल्यांची दुनिया नासली. जो तो दुसऱ्याच्या पडद्यात डोकवायला लागला. ‘हवाचोर’ अशी नवी शिवीच निघाली. कोल्हापुरात दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, कारण धाकटा अंगावर सत्तरच्या वर कधी गेलाच नव्हता. सरावाच्या टोळ्यांत घड्याळ लावून पाळ्या सुरू झाल्या. मग सायकल महासंघाने ठरवलं, की यापुढे नुसता नंबर बघायचा नाही. प्रत्येकीच्या दोन वर्षांच्या सरावाची आणि शर्यतींची नोंद घ्यायची, आडोसा वजा करायचा आणि उरेल ती ‘निव्वळ’ ताकद मोजायची. ताश्कंदच्या शर्यतीला जाणाऱ्या देशाच्या चौघींच्या संघात एक जागा रिकामी होती. चौघी एकापाठोपाठ एक चालवतात, पाळीपाळीने पुढे येतात. अशा संघाला वारा अंगावर घेणारी बाई हवी असते, शेवटी उसळी मारणारी नव्हे.

मी नाव दिलं होतं. वहिनीने दिलं नव्हतं. तिच्या सायकललाही सरांनी झुळूक बसवली होती, पण तिने पहिल्याच दिवशी पडदा बंद करून टाकला होता. “मला नगं ते आकडं. रस्ता बघू का ते बघू?” पडदा बंद असला तरी यंत्र आपलं काम करत होतं. दोन वर्षांची तिची सगळी नोंद सरांच्या कॉम्प्युटरवर गोळा होत होती आणि त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

जुलैच्या एका दुपारी सरांचा फोन आला. “दुकानात ये. एकटी ये.”

सरांनी माझ्यासमोर दोन पानं ठेवली. माझ्या पानावर: अंगावर, सरासरी चौसष्ट. वहिनीच्या पानावर: सत्त्याण्णव. खाली देशातल्या निव्वळ ताकदीची यादी होती. माझा नंबर दुसरा. पहिल्या नंबरवर सरांनी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘अश्विनी कोळेकर, नाव दिलेलं नाही.’

“सर, ह्यात चूक असंल.”

“तीनदा तपासलं.”

“आता काय?”

“जागा एकच हाय. नोंद तिची हाय, तिच्या सहीशिवाय पाठवता येत न्हाई. उद्या दुपारी बारापर्यंत मुदत. तिनं सही केली तर ती जाईल. न्हाई केली तर तू.” सरांनी हाताचं ग्रीस पुसलं. “मी तिला सांगितलं तर ती ऐकून बी घेणार न्हाई. तुझी जागा ती घेईल का? म्हणून तुला बोलवलं. तू काय करायचं ते तू ठरव बाळा. मी कुणाला बोलणार न्हाई.”

मिरजेहून घरी येईपर्यंत मी आधी यंत्रावर चिडले, मग सरांवर, मग चक्क वहिनीवर. सांगायचं की आधी! मी काय म्हटलं असतं, पुढे येणार नाही? मग आठवलं, दोनदा मी खरोखरच म्हटलं होतं, “वैनी, आज पाय जड हायत, तुमीच न्या.” आणि ती घेऊन गेली होती.

घरी वहिनी भाकऱ्या थापत होती. “काय म्हणाले गं सर?”

“काय न्हाय. चेन बदलायची म्हणाले.”

हे मी बोलले. लपवण्यात अर्थ नाही. तव्यावरची भाकरी फुगत होती, वहिनीने ती माझ्या ताटात टाकली आणि मी ती खाल्ली. उद्या बारा वाजेपर्यंत फक्त गप्प बसायचं होतं. काहीच करायचं नव्हतं. त्यापेक्षा सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

हात धुवायला बाहेर आले तर माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन माळावरून परतत होते. वारं तुफान होतं. आबा कळपाच्या पश्चिमेला, वाकून, घोंगडं छातीशी घट्ट धरून चालत होते. त्यांच्या आडोशाला मोठी मेंढरं आणि सगळ्यांच्या पलीकडे, पूर्वेला, नुकती जन्मलेली कोकरं. आमच्या घरात हे असंच चालतं, कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याच्या अंगात बळ जास्त, त्याने वाऱ्याची बाजू घ्यायची. कोकरं मात्र मजेत उड्या मारत येत होती. त्यांना वाटत असणार, आज वारं पडलेलं दिसतंय.

आणि मला वहिनीबरोबरचा पहिला दिवस आठवला. चाकाला चाक लावण्याआधी ती म्हणाली होती, “तू माझ्या मागं ऱ्हा. वाऱ्याची बाजू माझी.”

मी तिथेच, हातावरचं पाणी वाळेपर्यंत उभी राहिले. लाज वाटली, पण त्याहून जास्त दुसरंच काही वाटलं. सहा वर्षं, रोज चाळीस किलोमीटर, एका माणसाने माझ्यापुढची हवा फोडून ठेवली होती आणि मला वाटत होतं की माझे पाय चांगले आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायकली बाहेर काढल्या आणि मी म्हटलं, “वैनी, आज मी पुढं. पश्चिमेला, घाटाच्या पायथ्यापर्यंत.”

“येडी हाईस का? केवढं वारं हाय. तोंडावर घेशील सगळं.”

“माझ्या चाकाला ऱ्हायचं. बिरोबाची शप्पथ हाय.”

शप्पथ घातल्यावर वहिनीचा नाइलाज होतो. तिने माझं चाक धरलं.

बावीस किलोमीटर. पहिले पाच मी मानाने काढले. सातव्याला मांड्या पेटल्या. समोर कुणीतरी गाद्यांची भिंत उभी करतंय आणि मी ती डोक्याने ढकलतेय असं वाटत होतं. पडद्यावर शंभर, मध्येच सत्त्याण्णव, पुन्हा शंभर. कधी मी एवढा आकडा बघितलाच नव्हता. मागून वहिनीचा आवाज यायचा. “समू, कोपर हलव की!” मी नाही हलवलं. बाराव्याला पुन्हा, “अगं मरशील, हलव कोपर!” मी दात आवळले. तिने सहा वर्षं हलवलं नाही, मला एक सकाळ निघत नसेल तर मी कसली कोळेकरांची?

पंधराव्या किलोमीटरनंतर मागून आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं, मागे पडली की काय. मान वळवून बघितलं. वहिनी माझ्या चाकाला चिकटून होती. पाय अगदी सावकाश फिरत होते, हात हँडलवर सैल, आणि ती इकडेतिकडे बघत होती. शेतं बघत होती. बाजरीच्या रानात बसलेले बगळे बघत होती. सहा वर्षांत तिने या रस्त्याच्या कडेचं काही बघितलं असेल असं मला वाटत नाही.

“समू,” ती म्हणाली. ओरडली नाही, माझ्या आडोशाला असल्यामुळे तिला ओरडावं लागत नव्हतं. “हे असं असतं व्हय मागं?”

मी मान पुढे वळवली आणि पाय आणखी जोरात मारले.

घाटाच्या पायथ्याशी माझ्यातलं सगळं संपलं आणि मी कोपर हलवलं. वहिनी बाजूने पुढे आली. बावीस किलोमीटर आडोशाला बसलेली, ताजी, हसरी. घाटाच्या पहिल्या चढावर ती अशी गेली की मी नुसती बघत राहिले. दुसऱ्या वळणापाशी तर दिसेनाशी झाली. त्या बाईचा म्हणे शेवटी दम टिकत नव्हता.

वरच्या चहाच्या टपरीवर ती माझी वाट बघत बसली होती. मी तिच्यासमोर सरांची दोन्ही पानं ठेवली आणि सगळं सांगितलं. चेनचं खोटं बोलले तेही सांगितलं.

तिने पानं वाचली, घडी घातली आणि परत दिली. “मी एकतीसची, समू. तू बावीसची. जागा तुझी हाय.”

“माझी न्हाय. आकडा बघा की.”

“आकडा कुणाला हवाय? मी काय जागंसाठी पुढं ऱ्हात हुते व्हय? तुझी जागा खाऊन मी कुठं जाऊ?”

मला वाटलंच होतं. म्हणून मी तिच्या पानावर तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे वाचा. सत्त्याण्णव पॉइंट चार. शंभर का न्हाय? तुमी तर कायम पुढं हुता. शंभरच यायला पायजे.”

वहिनीने कपाळाला आठ्या घातल्या. “मशीन बिघडलं असंल.”

मशीन बिघडलं नव्हतं. आदल्या दिवशी मीही सरांना हेच विचारलं होतं. सायकलवाला हवा फोडत पुढे जातो तेव्हा त्याच्या पाठीमागे हवेची पोकळी होते. ती पोकळी त्याला मागे ओढत राहते. हवा समोरून ढकलते तशी मागूनही धरून ठेवते. पण कुणी चाकाला चाक लावून मागे असलं, की ती पोकळी थोडी भरून निघते आणि पुढच्यावरची ओढ कमी होते. फार नाही. शंभरात दोन-तीन.

“म्हंजे?” वहिनी म्हणाली.

“म्हंजे दोन पॉइंट सहा मी दिलं. नुसती मागं बसून. मला ठाऊक बी नव्हतं.”

तिने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. चहावर साय धरली. मग तिचे डोळे भरले आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदम. “बघ की. मला वाटायचं, समू मागं असली की जरा हलकं जातं. एकटी गेले की तसं जात नव्हतं. मी म्हणायची, मनाचे खेळ.”

“वैनी,” मी म्हटलं, “तुमचं लई उपकार हायत माझ्यावर.” सहा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. आमच्यात घरातल्या माणसाला असं म्हणायची पद्धत नाही. म्हणताना तोंड वेडंवाकडं झालं. “मला फेडायचं न्हाय. फिटणारच न्हाय. पण ही सही करा. तुमी गेला तर मला वाटंल, मी खरंच कायतरी जिंकले.”

टपरीवाल्याचा पेन घेऊन तिने सही केली. सकाळचे साडेआठ वाजले होते. मी फोटो काढून सरांना पाठवला आणि वर तिला अट घातली: “तिथं चौघीत दमला की कोपर हलवायचं. शप्पथ हाय.”

“एका दिवसात किती शप्पथा घालशील?” ती म्हणाली.

तीन महिन्यांनी मुलाणी सरांच्या दुकानात टीव्हीसमोर आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो. आबा फेटा बांधून आले होते, आई देवाचा अंगारा घेऊन. ताश्कंदचा सपाट, उघडा रस्ता, समोरून वारं. चौघी निघाल्या. पहिली पाळी वहिनीची. पडद्याच्या कोपऱ्यात आता प्रत्येकीचा आकडाही दाखवतात. वहिनीचा सत्त्याण्णव. इतर तिघींच्या पाळ्या एकेक मिनिटाच्या. वहिनी दोन मिनिटं, अडीच मिनिटं, पुढेच. सवय जात नाही माणसाची. ही बाई चौघींचं वारं एकटी खाणार आणि शेवटी दमून मागे पडणार.

तिसावा किलोमीटर. वहिनी पुन्हा पुढे. एक मिनिट झालं, दीड झालं. मी टीव्हीला ओरडायला लागले, “वैनी, शप्पथ! शप्पथ हाय!”

आणि वहिनीचं उजवं कोपर हललं.

इतकंसं. बाहेर झटकलं आणि परत आत. मागची मणिपूरची उंच पोरगी बाजूने पुढे आली. वहिनी सरकत सरकत शेवटी गेली, चौथीच्या चाकाला लागली, आणि कोपऱ्यातला तिचा आकडा उतरायला लागला. ब्याण्णव, एक्क्याऐंशी, सत्तर, चोपन्न. तिने हात सैल केले. मान जरा वर केली. मला ठाऊक होतं, ती रस्त्याकडेची झाडं बघत असणार.

“हलवलं!” मी किंचाळले. “आबा, कोपर हलवलं!” आणि आबांच्या गळ्यात पडून रडायला लागले. दुकानातल्या लोकांना वाटलं, मेडल मिळालं. ते त्यानंतर अकरा किलोमीटरने मिळालं, पण तेव्हा मी एवढी रडले नाही.